उतरवताना खालून वर

टाचण्या ओठांत धरल्या की माणसाला बोलता येत नाही. चार टाचण्या असल्या तर हसताही येत नाही.

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली, तर दार उघडायच्या आधी आतल्या माणसाशी बोलायला लागायचं. काहीही चालतं. जेवलात का, मुलं किती, बूट कुठून घेतलेत. हवा आत भरपूर असते. माणूस घाबरतो तो बाहेरच्या शांततेला.

फळ्यावर काढलेल्या त्रिकोणाला वजन नसतं.

हाताने एक काज करायला सात मिनिटं लागतात. जाड कापड असेल तर नऊ.

फाटकावरून विजेची तार गेली आहे. तिच्यावर कायम तोच एक कावळा बसतो, किंवा रोज वेगवेगळे बसत असतील आणि कुणी नीट पाहिलं नसेल.

बारा कोट. प्रत्येकी सहा काजं.

"आज काय तोंड शिवून घेतलंत का?"

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. टाचण्या तिच्या, ती पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवते आहे. लिफ्ट नवऱ्याची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि म्हणायचा, आयुष्यभर माणसं वर-खाली केली, एक पुढे गेला असेल तर शपथ. त्रिकोण मुलीचा, ती शाळेत भूमिती शिकवते आणि घरी आली तरी खडू हातात असल्यासारखी बोलते. कोट कुठल्याशा बँडवाल्यांचे, घाईचे. तार तलावाकाठच्या आवाराच्या फाटकावरची. आणि शेवटचं वाक्य तिने नवऱ्याला म्हटलेलं. त्यानंतर ती त्याच्याशी काही बोलली नाही, आणि ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

नवरा जाऊन सहा आठवडे झाले होते. त्याची होडी अजून आवारातच होती, ट्रेलरवर, डोलकाठी उभी केलेली. लहानशी शिडाची होडी, गाडीमागे जोडून कुठेही नेता येईल अशी. पण न्यायची तर काठी आडवी पाहिजे, नाहीतर ती फाटकावरच्या तारेला लागणार. मुलीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना होडी हवी होती. म्हणून रविवारी सकाळी मायलेकी काठी उतरवायला आल्या.

आवाराचा राखणदार फाटकाशी बसला होता. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण वीस वर्षांत त्याने एकदाही होडीत पाय ठेवला नव्हता.

"मी हात लावला नाही वहिनी," तो म्हणाला. "जशी होती तशीच आहे. फक्त माझी एक जादा दोरी मारून ठेवली. वारंबिरं सुटलं तर उगाच."

"बरं केलंत."

"ताई, तू धरणार काठी? जड असते हां ती."

"वजन नाही काका, कोन महत्त्वाचा," मुलगी म्हणाली.

"बापावर गेलीय," कप्तान म्हणाला, आणि मग खाली बघून किल्ल्या चाळत बसला.

मुलगी आधी केबिन रिकामी करायला आत शिरली. म्हणायला केबिन, दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढं खोपटं. आतून एकेक वस्तू बाहेर येत गेली. थर्मास, फाटकी टोपी, दोरीची भेंडोळी, एकच हातमोजा. शेवटी जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांब नळी. एका टोकाला कडी. चादरीच्या घड्या इतक्या कडक, की कुणी त्या कधी मोडल्याच नव्हत्या.

"हे काय आहे?"

"तंबूचा बांबू," आई म्हणाली.

"आपल्याकडे तंबू कुठंय?"

"नाहीये ना. म्हणून वापरला नाही कधी."

मुलीने नळी चादरीतून काढून गवतावर ठेवली. मग ती पुन्हा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. केबिनच्या आतल्या भिंतीवर नवऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलेला कागद होता. तो तिने नखाने हळूहळू सोडवून आणला.

*काठी उभी करणे*
*१. आधी वर बघणे. तारा.*
*२. काठीचा पाय बिजागरीत. बोल्ट.*
*३. बाजूच्या तारा मोकळ्या. गुंता नको.*
*४. ती पुढे, जमिनीवर. दोरी तिच्या हातात. दोरी बांधायची नाही, धरायची.*
*५. मी मागे. काठी खांद्यावर.*
*६. ओढ.*
*७. पिन.*
*उतरवताना हेच, खालून वर.*

"ती म्हणजे तू," मुलगी म्हणाली.

"मग काय कप्तान?"

*७. पिन*

काठी कडेला कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारा असतात, आणि काठीच्या टोकापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत आणखी एक तार येते. तिच्या टोकाला भोक, होडीवर कडी. दोन्हींतून बोटाएवढी पिन घातली की काठी मागे पडू शकत नाही. तोपर्यंत काठी उभी असते ती फक्त पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या दोरीवर. नवरा मागून काठी रेटत उभी करायचा, मग होडीवरून चालत पुढे यायचा आणि पिन घालायचा. दोन्ही हात कामात, म्हणून पिन तो ओठांत धरायचा. ही सवय त्याने तिच्याकडून उचलली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने त्याला सांगून ठेवलं होतं, माझ्या तोंडात टाचणी असली की मला काही विचारायचं नाही, उत्तर द्यायला गेले तर गिळीन. पुढे त्याच्याही तोंडात पिन यायला लागली. घरात हा कायदाच झाला. तोंडात काही टोकदार असलं की बोलणं बंद, आणि रुसायचं कारण नाही.

मुलगी होडीवर चढून पुढे गेली, वाकली.

"आई, इथे पिनच नाही."

"लागलीच नाही ती."

"मग ही काठी सहा आठवडे उभी कशावर आहे?"

"दोरीवर."

मुलीने खाली उडी मारली. ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी खांबाला दोरी बांधलेली होती. कप्तानची जाड निळी दोरी वेगळी, ढिली, दुसऱ्याच बाजूला. ही पांढरी. मुलगी त्या गाठीसमोर उकिडवी बसली आणि बघत राहिली. वहीतलं चुकलेलं उदाहरण बघावं तशी.

*६. ओढ*

"बाबा काठी उभी करून मागे बसले," मुलगी म्हणाली. "तू दोरी टाकून धावलीस. पोचलीस तोवर संपलं होतं. असं तू मला सांगितलंस. मावशीला पण तेच सांगितलंस."

"हो."

"दोरी टाकली असतीस तर काठी बाबांच्या अंगावर आली असती."

आई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

"तीन वेढे. मग आडवा फास. मग टोक आत घेऊन दुमडलेलं. एकावर एक नीट, चोळीची कड असावी तसे. ही गाठ धावता धावता मारलेली नाही आई."

"तुझ्या शाळेतल्या पोरांची मला दया येते."

"आई."

आईने पर्स उघडली. आत चष्म्याच्या घरात, टिकल्या ठेवाव्यात तशी, कागदात पिन होती. दवाखान्यातून घड्याळाबरोबर मिळालेली.

"ही त्यांच्या तोंडात होती," ती म्हणाली. "मला कसं कळणार?"

मग तिने सांगितलं. ती उभी राहूनच बोलली, खांबावर हात ठेवून.

त्या दिवशी तिला यायचंच नव्हतं. बारा कोट पडले होते, बहात्तर काजं, आणि मशिनवरची काजं बँडमास्तरला चालत नव्हती. नवरा म्हणाला, दोन तास, वारा बघ कसा आहे. ती म्हणाली, वारा काय काजं करणार आहे का. तरी आली. रस्ताभर खिडकीबाहेर बघत आली. काठी वर गेली, तिने दोरी ओढून ताणून धरली, नेहमीसारखी. आता तो पुढे येणार आणि पिन घालणार. तो आला नाही. ती जमिनीवर, होडी ट्रेलरवर उंच. पुढून मागचं काही दिसत नाही. कधी बाजूची तार गुंतायची, मग तो तिथे खुडबुडत बसायचा, दहा दहा मिनिटं. त्यात नवल नव्हतं. दोरी हाताला काचायला लागली तशी ती म्हणाली, आज काय तोंड शिवून घेतलंत का?

"उत्तर नाही. म्हटलं, पिन असेल. आणि मग मला आणखीच राग आला. म्हटलं, बोलू नका तर बोलू नका. मला काय गरज पडलीय? मी पण आता शब्द काढणार नाही. आधी बोलायचं तर तुम्ही बोला."

"मग?"

"मग मनात एक काज घेतलं करायला."

मुलीला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. आई वेळ घड्याळात मोजत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कुकर दोन काजांत होतो, शाळा अकरा काजांच्या अंतरावर, असं.

"पूर्ण काज?"

"पूर्ण. चिरण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत."

"सात मिनिटं."

"बँडवाल्यांचा कोट होता," आई म्हणाली. "जाड कापड."

मुलीने ओठ दातांखाली घेतला. नऊ, असं ती म्हणाली नाही.

"काज झालं आणि मग मला वाटलं, यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. मग मी हाका मारल्या. दोरी सोडता येईना. सोडली तर काठी त्यांच्यावर. बांधायची नाही असं त्यांनी लिहून ठेवलेलं. बांधली. सुटू नये म्हणून नीट बांधली. माझे हात थरथरत नव्हते गं. तेच मला रोज आठवतं. मी इतकी नीट बांधली." तिने गाठीवरून अंगठा फिरवला. "वर चढले तर बसलेले होते. हनुवटी छातीला. पिन ओठांतच."

"डॉक्टर म्हणाले, लगेच गेले."

"मी त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी मला परत सांगितलं."

फाटकाकडून किल्ल्यांचा आवाज आला आणि थांबला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारशील म्हणून."

"काय?"

"जे तू आता विचारणार नाहीयेस ते."

मुलगी उठली, होडीला वळसा घालून मागे गेली. ट्रेलरच्या मागच्या टोकाला काठी टेकवायचं लाकडी बेचकं असतं. ते तिने उगाचच दोनदा काढून परत बसवलं. शेजारच्या होडीवर कुणीतरी पांढरी ताडपत्री टाकली होती. ती वाऱ्याने फुगत होती आणि बसत होती.

कप्तान जवळ आला. त्याने किती ऐकलं होतं ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"गाठ सहा आठवड्यांची आहे वहिनी, सुटायची नाही. कापू का?"

"नको."

"मी धरू का दोरी मग?"

"तुम्ही तुमची सोडा फक्त. मी सांगते तेव्हा."

पर्समधून तिने दाभण काढलं. दाभण घेऊन हिंडणारी बाई म्हणून नवरा तिची चेष्टा करायचा; पोलिसांनी अडवलं तर काय सांगशील. गाठीच्या पोटात तिने ते घातलं, जरासं हलवलं, पुन्हा घातलं. दुमडलेलं टोक आधी निघालं. मग आडवा फास. हे काम तिला येत होतं. चुकलेली शिवण उसवायची ती अशीच, धागा न तोडता. तिसरा वेढा सुटायच्या आधी तिने दोरी मुठीत घेतली, पाय रोवले, आणि कप्तानला मान हलवून खूण केली. निळी दोरी सैल होऊन गवतात पडली.

काठीचं वजन तिच्या हातांत आलं. तेवढंच होतं. अगदी तेवढंच.

*५. मी मागे*
*४. ती पुढे*

"आलीस का वर?" आईने विचारलं.

उत्तर नाही.

होडीचं पुढचं टोक तिच्या डोक्याच्या वर होतं. त्यापलीकडे केबिनचं छप्पर, काठी, आभाळ. मुलगी मागे कुठेतरी होती. ती रागावलेली असणार, आणि तिने तसं असायलाच हवं होतं. लहानपणापासून रागावली की ती गप्पच बसायची. ते तिने कुणाकडून उचललं हे काही लपून नव्हतं. आईने मनात म्हटलं, असू दे. वाट बघू. आणि त्याच क्षणी तिला ते जाड कापडाचं काज आठवलं.

"आहेस ना?" ती ओरडली. आवाज इतका मोठा निघाला की तारेवरचा कावळा उडाला.

"आहे," मुलगी म्हणाली. कोरडं.

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या घाल. पण थांबू नकोस."

 आईने दोरी सोडली नाही, एक बोटभरही नाही. मग मुलीचा आवाज आला, वर्गातला, सपाट, भिंतीवर आपटून परत येणारा.

"एक. हजर. दोन. हजर. तीन. हजर. चार, गैरहजर. पाच."

ती हजेरी घेत होती.

"सहा. हजर. काठी माझ्या हातात आहे, सोड. सात. हजर."

आईने दोरी सोडायला सुरुवात केली. एका हाताने सोडायची, दुसऱ्याने धरायची. काठीचं टोक आभाळातून मागे कलायला लागलं. समोरची तार, जिला पिन लागलीच नव्हती, होडीच्या टोकावरून सरपटत वर गेली.

"अकरा. हजर. बारा. हजर. हळू. तेरा, हा नेहमीच उशिरा येतो. चौदा."

सुरुवातीला काठी हलकी होती. मग जसजशी आडवी व्हायला लागली तसतशी जड. नवरा म्हणायचा, उभ्या माणसाला सांभाळणं सोपं. तेव्हा तिला वाटायचं, काठीबद्दल बोलतोय.

"एकवीस. हजर. बावीस. हजर."

मग आवाज थांबला.

"तेवीस," आई म्हणाली. दोरी ताणून धरत. "तेवीस कोण आहे?"

"आहे. आहे मी." मुलगी नाक ओढत म्हणाली. "तेवीस. हजर. सोड, आई. चोवीस. हजर."

"पंचवीस."

"मला घेऊ दे. माझा वर्ग आहे. पंचवीस."

एकोणचाळीसला काठी बेचक्यात टेकली. लाकडावर धातूचा ठक असा आवाज झाला. वर्गात चव्वेचाळीस मुलं होती. मुलीने उरलेली पाचही घेतली, काठी आडवी झाल्यावर, कुणालाही गरज नसताना. दोन गैरहजर होती.

आईच्या तळहातांवर दोरीचे वळ उठले होते. सहा आठवड्यांपूर्वी उठले होते तिथेच.

*३, २*

बाजूच्या तारा गुंडाळून काठीला बांधल्या. बोल्ट काढला. काठीचा पाय बिजागरीतून सुटला आणि दोघींनी ती उचलून पुढे सरकवली. आईला गवतावर पसरलेली पुढची तार दिसली. तिने पर्समधली पिन काढली आणि तारेच्या भोकात घातली, रिकामी, कशालाच न जोडलेली.

"मास्तरांना लागेल ना ती," ती म्हणाली.

"नवीन मिळते आई."

"मिळते. पण ही बसते."

त्या दोघींमधे काही मिटलं नव्हतं. मुलगी मदत करत होती पण आईच्या डोळ्यांत बघत नव्हती, आणि वस्तू देताना ती हातात न देता बाजूला ठेवत होती. थर्मास बाजूला. हातमोजा बाजूला. मग तिने ती लांब नळी उचलली, काठीबरोबर बांधावी म्हणून, आणि सहज तिचं एक टोक काठीचा पाय होता तिथे धरलं. टोकाला खाच होती. खाच बिजागरीवर चपखल बसली. नळी काटकोनात उभी राहिली. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग वरच्या कडीकडे, मग पुढच्या खांबाकडे, मग बोटाने हवेत एक रेघ काढली, कडीपासून खांबापर्यंत, आणि दुसरी, कडीपासून काठीच्या टोकापर्यंत.

"आई," ती म्हणाली. "हा तंबूचा बांबू नाहीये."

"दे इकडे."

"आई, हे लावलं असतं तर…"

"दे."

मुलीने या वेळी बाजूला ठेवली नाही. हातात दिली. आईने चादर गवतावर पसरली आणि नळी तिच्यात गुंडाळली. जुन्या घड्या जिथे होत्या तिथेच पुन्हा घातल्या, कड कडेला जुळवून, अंगठ्याने दाबत. मुलगी तिच्या हातांकडे बघत उभी राहिली. मग खाली बसली आणि तिने चादरीचं दुसरं टोक धरलं.

*१. आधी वर बघणे*

कप्तानने फाटक उघडलं. मुलीने गाडी हळू काढली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, होडीवर आडवी काठी. आई फाटकाशी उभी राहून वर बघत होती. तार काठीच्या कितीतरी वर होती.

"येऊ का?" मुलीने खिडकीतून विचारलं.

"ये. बोलत ये."

"मोकळं आहे ना?"

"मोकळं आहे. ये. ये. ये."

*

होडी घेतली त्या दिवशी विकणाऱ्याने ती नळी बसवून दाखवली होती आणि सांगितलं होतं, की ही लावली तर काठी एकट्या माणसाला उभी करता येते, दोरी धरायला दुसरं कुणी लागत नाही. नवऱ्याने ती त्याच दिवशी चादरीत गुंडाळून आत ठेवली आणि घरी येताना तिला म्हणाला, होडीला दोन माणसं लागतात. विकणारा बोलत होता तेव्हा ती शेजारीच उभी होती.